चौथा रकाना : सातारा ते धारवाड

गेल्या जानेवारीत बाबा गेले. यंदा वर्षश्राद्धाची पंगत उठली, पाहुणे पांगले, आणि बाबांचे तिघे मित्र तेवढे हॉलमध्ये बसून राहिले. तिघांनाही पंचाहत्तरीने गाठलंय. एक एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, तबला वाजवतात. दुसरे पोस्टातून निवृत्त झाले, गातात. तिसरे गुरांचे डॉक्टर. ते गात नाहीत, वाजवत नाहीत, पण चाळीस वर्षांत त्यांनी एकही बैठक चुकवलेली नाही. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते तंबोऱ्यावर बसायचे. एवढंच. गायले कधी नाहीत.

डॉक्टरकाकांनी विचारलं, "वहिनी, तंबोरा कुठाय?"

तंबोरा गवसणीत घालून कपाटामागे उभा केलेला होता. दिवाळीआधी घराला रंग काढला तेव्हा तो घसरला आणि भोपळ्याला वीतभर चीर गेली. आईने ते कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. गवसणी उतरवली तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पोस्टातले काका चिरेवरून बोट फिरवत म्हणाले, "मिरजेला न्यायला पाहिजे. आणि मिरजेला जायचं तर पुढचं कुंदगोळ का सोडायचं?"

१९७९ पासून हे चौघे वर्षातून दोनदा घराबाहेर पडायचे. मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीतसभेला, आणि सप्टेंबरात किराणा घराण्याचे गायक सवाई गंधर्व यांच्या पुण्यतिथीला त्यांच्या गावी, कुंदगोळला. बायका-मुलांना कधी नेलं नाही. बाबा दर वर्षी निघताना आईला म्हणायचे, "पुढच्या वर्षी तू चल." पुढच्या वर्षी माझी परीक्षा असायची, नाहीतर आजीचं आजारपण, नाहीतर भावाचं काहीतरी. आई आज एकाहत्तर वर्षांची आहे. ती म्हणाली, "या वर्षी मी येते."

मी आठवड्याची रजा टाकली.

पहिला दिवस : सातारा ते मिरज

साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीकडे. दुपारची कोयना पकडायची म्हणून आम्ही तासभर आधीच पोचलो. तंबोरा पाच फुटांचा, कुठे ठेवायचा हा प्रश्नच होता. तबल्याच्या काकांनी तो पायांमध्ये उभा धरला, आणि कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड असं सगळं मागे जाईपर्यंत हात काढला नाही. कऱ्हाडला चढलेल्या एका माणसाने आपली खिडकीची जागा उठून दिली. "वाद्याला ऊन लागू देऊ नका," एवढंच म्हणाला.

मी बरोबर बाबांची वही घेतली होती. दोनशे पानी, रेघांची, पुठ्ठ्याला खाकी कागद. खात्यातल्या मोजमापाच्या पुस्तकाची सवय असलेल्या माणसाची वही. प्रत्येक पानावर पट्टीने चार रकाने आखलेले : तारीख, गाव, काय ऐकलं, कोण होतं. लहानपणी मी ती चाळलेली होती, पण मला वाटायचं ही रागांची वही. गाडीत पहिल्यांदा सलग वाचली. तिसऱ्या रकान्यात एखाददुसरा शब्द : 'मारवा.' 'पूरिया, नंतर ठुमरी.' 'नवा मुलगा, नाव लक्षात ठेवावं असं.' चौथा रकाना मात्र भरून वाहतो. शेजारी कोण बसलं होतं, कोणाच्या डब्यात काय होतं, कोणाची मुलगी पास झाली, कोणाचा कर्जाचा हप्ता थकलाय, कोण गाण्यात रडलं आणि चहा पिताना त्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. जागा पुरली नाही तिथे अक्षरं रेघ ओलांडून समासात गेली आहेत.

एका ओळीपाशी थांबले. तारीख मार्च १९८८, गाव मिरज. तिसऱ्या रकान्यात 'अर्धं'. चौथ्यात : 'मध्यंतरात घरी फोन लावला. धाकट्याला ताप. निघालो.'

वही मिटली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. किर्लोस्करवाडी गेली, भिलवडी गेली. उसाच्या शेतांत पाचट पेटवलं होतं. मिरजेला उतरलो तेव्हा दिवे लागले होते.

दुसरा दिवस : मिरज

मिरज म्हणजे दवाखाने, रेल्वे आणि तंतुवाद्यं. एकेकाळी या एका जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते, हे पोस्टातल्या काकांनी नाश्त्याला सांगितलं. गाणारे या गावात का जमले त्याचं निम्मं उत्तर त्यांच्या मते इथंच आहे. मुंबईची गाडी, हुबळीची गाडी, पंढरपूरची गाडी, सगळ्यांना इथं उतरावंच लागायचं.

सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी वास येतो, लाखेच्या पॉलिशचा आणि ओल्या लाकडाच्या भुशाचा. इथले शिकलगार मुळात तलवारींना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानी राजवटीत लढाया संपल्या, तलवारींचं काम सरलं, आणि फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी दुरुस्तीला आलेली वाद्यं उघडून बघत नवी घडवायला सुरुवात केली. पोलादाशी खेळणारा तोच हात भोपळ्यावर फिरू लागला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत त्याचा अभिमान आहे, आणि पोरं या धंद्यात राहतील का याची काळजीही आहे. दोन्ही एका वाक्यात ऐकायला मिळतात.

बाबांचा तंबोरा ज्यांच्याकडून १९८३ साली घेतला ते कारागीर आता नाहीत. दुकानात त्यांचा मुलगा बसतो, तोही सत्तरीचा. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गवसणी उघडली तशी त्यांनी आधी चिरेकडे पाहिलंच नाही. दांडी हातात घेऊन खुंट्यांखालची झिजलेली जागा अंगठ्याने चाचपली.

"हे सातारकरांचं. ते कुठायत?"

डॉक्टरकाकांनी सांगितलं. चाचा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग भिंतीवर टांगलेल्या नव्या तंबोऱ्यांच्या ओळीकडे हात केला. "ते आले की आधी चहा घेत नव्हते. ह्ये सगळे एकेक करून खाली घ्यायचे आणि लावून ठेवायचे. माझं काम करून जायचे. मी म्हणायचो, साहेब, गिऱ्हाईक आलं की लावू. ते म्हणायचे, बेसूर टांगून ठेवलेलं मला बघवत नाही."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मित्रांना वाटायचं बाबा तिकिटं काढायला स्टेशनवर गेलेत.

चीर फार खोल नव्हती. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, भीमेच्या काठच्या शेतांतून. ते वाळवतात, कापतात, पाण्यात भिजवून आकाराला आणतात, आणि मग तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबकडी त्यावर चढते. जुना भोपळा जाड सालीचा होता म्हणून वाचला, असं चाचा म्हणाले. आतून पट्टी लावायची, सरस भरायचा, रात्रभर बांधून ठेवायचा. "पण जवारी आधी बघतो. वर्षभर वाजलेला नाही ना?"

जवारीचं, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार जुळवायचं काम इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहिलं. तारा सैल करून बाजूला सारल्या आणि त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा उघडा केला. चाळीस वर्षांत तारांनी त्यावर चार बारीक खाचा पाडल्या होत्या. चाचांनी कानस घेतली. माथा सपाट करायचा नसतो, त्याला अगदी किंचित उतार ठेवायचा असतो, म्हणजे तार घोडीला टेकूनही टेकत नाही आणि प्रत्येक हेलकाव्याला पृष्ठभागाला चाटत जाते. त्या चाटण्यातून तो गुंजणारा झंकार येतो. उतार जास्त झाला तर आवाज कोरडा पडतो, कमी झाला तर तार चरचरते. चाचांनी कानस चार वेळा फिरवली, फुंकर मारली, तार चढवली, छेडली, मान हलवली, तार उतरवली. पुन्हा कानस. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण समोरचा चहा दोनदा थंड झाला. शेवटी सुताचे धागे आले. प्रत्येक तारेखाली एक, आणि तो केसभर पुढेमागे सरकवायचा. एका ठिकाणी आल्यावर आवाज एकदम उघडला. दुकानात उन्हाची तिरीप यावी तसं झालं, आणि तबल्याच्या काकांनी डोळे मिटून घेतले.

चाचांनी चारही तारा लावल्या. पंचम, जोडाच्या दोन षड्जाच्या, आणि खालच्या षड्जाचा खर्ज. तारांतले मणी सरकवून बारीक मिळवलं. तिन्ही काकांनी माना डोलावल्या.

दाराशी बसलेली आई हळूच म्हणाली, "पंचम अजून उतरलाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती ओशाळली. "मला त्यातलं काही कळत नाही. पण घरी असा लागायचा नाही."

चाचांनी पुन्हा छेडलं, कान दांडीला लावला आणि पंचमाचा मणी किंचित खाली ओढला. मग आईकडे पाहून दोन्ही हात जोडले. चाळीस वर्षं रोज पहाटे बाबा बाहेरच्या खोलीत तंबोरा लावायचे आणि आई आत पोळ्या लाटायची. मी आणि भाऊ त्या आवाजात झोपायचो. ती तो ऐकत होती हे मला आज कळलं.

दुपारी भोपळा बांधून चाचांच्या हवाली केला आणि संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, त्यावरूनच किराणा घराणं. पण राहिले मिरजेत आणि मातीही इथलीच मिळाली. दुखण्याने खंगलेले असताना त्यांनी या दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि बरे झाले, अशी इथली श्रद्धा आहे. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात जी सभा होते ती चिंचेच्या झाडाखाली. या उरुसातला पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. इथे गायला बसलेल्याला कुणी घराणं विचारत नाही आणि ऐकायला बसलेल्याला कुणी जात विचारत नाही, असं बाबा म्हणायचे.

आता उरूस नव्हता. आवारात चारदोन माणसं, एक बाई लहान मुलाला दृष्ट काढायला घेऊन आलेली, कबुतरं. तिघे काका चिंचेखाली आपापल्या जागी जाऊन बसले. 'आपापल्या' म्हणजे खरोखरच ठरलेल्या. तबल्याचे काका बुंध्याच्या डावीकडे, डॉक्टर त्यांच्या मागे, पोस्टातले काका पुढे. मध्ये एक जागा रिकामी राहिली. कुणी ती भरायला सरकलं नाही. आईने आपली शाल घडी करून तिथे ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.

तिसरा दिवस : नृसिंहवाडी

सरस वाळेपर्यंत थांबायचं होतं, म्हणून सकाळी वाडीला जाऊन आलो. कृष्णा-पंचगंगेचा संगम, घाटावर थंडगार पाणी, दत्ताच्या पादुका. दर्शन लवकर झालं. बासुंदी खाल्ली आणि कवठाची बर्फी घेतली. चौथ्या रकान्यात तिची नोंद निदान दहा वेळा आहे, दर वेळी 'हिच्यासाठी पाव किलो'.

दुपारी तंबोरा घेतला. चीर बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसते. पॉलिश नवं करू का, असं चाचांनी विचारलं. आई नको म्हणाली. मजुरी देताना चाचांनी हिशेबात जवारी धरलीच नाही.

चौथा दिवस : मिरज ते हुबळी

सकाळी फलाटावर गाडीची वाट बघत बसलो होतो. तंबोरा बाकावर आडवा, त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही. पोस्टातल्या काकांनी एक गोष्ट सांगितली. ती मी आधी बाबांकडून ऐकली होती, पण फलाटावर बसून ऐकताना ती वेगळी वाटली. १९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी नमाज पढला, तंबोरा लावायला सांगितला, दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. तारीख २७ ऑक्टोबर. तिथून त्यांना मिरजेला आणलं.

"तुझ्या बाबाला ही गोष्ट फार आवडायची. पण तो नेहमी एकच विचारायचा, तंबोरा कुणी लावला? त्या माणसाचं नाव कुणी का सांगत नाही?"

गाडी आली. उगारच्या पुढे कृष्णेचा पूल लागला, मग कुडची, रायबाग, घटप्रभा. स्टेशनांच्या पाट्यांवर आता कन्नड आधी. डब्यात शेंगा विकायला आलेला मुलगा मराठीत दर सांगत होता आणि कन्नडमध्ये सुटे पैसे मागत होता. बेळगावच्या अलीकडे सुळेभावी आलं. गाडी थांबली की नुसती हळू झाली तेही कळलं नाही, पण तिघे काका उठून खिडकीशी उभे राहिले. कुमार गंधर्वांचा जन्म इथला, १९२४ चा. चौघांची ही पद्धत होती. सुळेभावीला बसून राहायचं नाही.

बेळगावला कुंदा घेतला. खानापूरनंतर जंगल सुरू झालं, डब्यातली गर्दी ओसरली, आणि मी वही काढली. मार्च १९८८ ची ओळ मोठ्याने वाचली.

काकांच्या चेहऱ्यांवरून कळलं की त्यांना ती रात्र आठवते.

"आम्ही चिडलो होतो त्याच्यावर," तबल्याचे काका म्हणाले. "मुख्य गाणं मध्यंतरानंतर होतं. त्यासाठी तर आलेलो. पोराला ताप येतोच, सकाळी जा म्हटलं. हा काही बोलला नाही. बाहेरच्या गाड्यावरून द्राक्षं घेतली आणि स्टँडकडे चालायला लागला. पंधरा दिवस आम्ही त्याच्याशी नीट बोललो नाही."

आई खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "पहाटे पाचला आले. अंगावर पिशवी, पिशवीत द्राक्षं. मी म्हटलं, उद्या येणार होता ना? तर म्हणाले, गाणं लवकर संपलं."

कुणी काही बोललं नाही.

"भाऊजी, मी अडतीस वर्षं समजते आहे की त्या दिवशी गाणं लवकर संपलं होतं," आई म्हणाली.

लोंढ्याला गाडी थांबली. डॉक्टरकाका खाली उतरले आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. आईचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरून दिला.

हुबळीला दुपार कलल्यावर पोचलो. संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. भाऊ बंगळूरला असतो, त्याचा फोन आला होता, आई बराच वेळ बाहेर उभी राहून त्याच्याशी बोलत होती. द्राक्षांचं सांगत होती.

पाचवा दिवस : कुंदगोळ

हुबळीपासून कुंदगोळ वीसेक किलोमीटर. आम्ही मुद्दाम रेल्वेने गेलो, कारण गंगूबाई हनगल गाणं शिकायला याच रस्त्याने गाडीने यायच्या. हुबळीत घर, पोरंबाळं, स्वयंपाक; दुपारची गाडी धरून कुंदगोळ; गुरूंसमोर दोन-चार तास; आणि रात्री परत. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व. जन्म १८८६ चा. नाटक कंपन्यांतून गावोगाव गाजून ते पुढे आपल्या गावी स्थिरावले, आणि त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई आल्या, फिरोज दस्तूर आले, घरातून पळालेला भीमसेन नावाचा मुलगा आला. गुरूच्या घरी पाणी भरून, पडेल ते काम करून तो शिकला. त्याच भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू केला. तो आज सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण गुरूचं गाव बघायला फार थोडे येतात, आणि मला हे बरोबर वाटत नाही. पुण्यातल्या महोत्सवाला गर्दी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी कुंदगोळच्या या स्टेशनावर उतरावं.

गाव साधं आहे. काळी जमीन, मिरचीची वाळवणं, जुनं शंभुलिंगाचं दगडी देऊळ. नाडगीर वाड्याची वाट काकांना विचारावी लागली नाही. हा वाडा म्हणजे संगीताला आश्रय देणाऱ्या घराण्याचा. अब्दुल करीम खाँ इथे उतरायचे, आणि कोवळ्या रामभाऊंची गाठ त्यांच्याशी इथेच पडली असं गावात सांगतात. पुण्यतिथीची सभाही या वाड्यातच होते. जाड लाकडी खांब, वर गडद तुळया, मधल्या सोप्यात दिवसाही अर्धा काळोख.

"बर्री, बर्री," असं म्हणत एका वयस्क बाईंनी आत बोलावलं. काकांना त्या चेहऱ्याने ओळखत होत्या. चार माणसं मोजायला म्हणून त्यांनी बोटं उचलली आणि तीनवर थांबल्या. पोस्टातल्या काकांनी मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. बाईंनी आईचा हात धरला आणि तिला खांबाशी नेऊन बसवलं. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला कन्नड येत नव्हतं. त्या फक्त "ऊटा?" म्हणाल्या. जेवण झालं का? आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, दही.

जेवणानंतर गवसणी सोडली. काकांनी हे ठरवलेलं होतं की नाही मला माहीत नाही. पोस्टातल्या काकांनी वर्षभर गाणं बंद ठेवलं होतं. मागे तंबोऱ्यावर तो नाही तर पाठ उघडी पडल्यासारखी वाटते, असं म्हणायचे. त्यांच्या नातवाने त्यांना मोबाइलवरचा तंबोरा घालून दिला होता. बाबांचा अशा यंत्रावर राग नव्हता. ते म्हणायचे, रियाजाला चांगलं आहे, कधी चुकत नाही. पण त्याच्यासाठी मागे कुणाला बसावं लागत नाही, हे काय ते त्यांना खटकायचं.

डॉक्टरकाकांनी तंबोरा उचलला आणि आईच्या मांडीशी उभा केला.

"मला येत नाही, भाऊजी."

"मिरजेला पंचम कुणी सांगितला?"

तिने तंबोरा कुशीत घेतला. भोपळा मांडीवर, दांडी खांद्याला. डावा हात कुठे ठेवायचा हे तिला कळेना, मग तो आपोआप चिरेवर गेला. मधल्या बोटाने पंचम, पहिल्या बोटाने जोडाच्या दोन आणि खर्ज. मी तिला कधीही तंबोऱ्याला हात लावताना पाहिलेलं नाही, बाबांनी शिकवल्याचंही आठवत नाही. सुरुवातीला लय धडपडली. चार-पाच आवर्तनांनंतर सावकाश झाली, एकसारखी झाली, आणि त्या काळोख्या सोप्यात खर्ज जमिनीवरून चालत आमच्यापर्यंत आला. तबल्याच्या काकांनी आपले हात मांडीवर ठेवले, तबला आणलाच नव्हता, मांडीवरच ठेका धरला.

तीन वाजले होते. पोस्टातले काका भीमपलास गायले. आवाज पातळ झालाय, वरचा षड्ज लागेना, तिथे ते थांबले. तंबोरा चालू राहिला. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा खालून वर गेले. दुसऱ्या वेळी लागला. आत भांडी घासत होत्या त्या बाई दारात येऊन उभ्या होत्या, ओल्या हातांनी.

किती वेळ ते चाललं, मी पाहिलं नाही. आईच्या बोटाचं टोक लाल झालं होतं. बाबांच्या त्या बोटाला कायमचा घट्टा होता. लहानपणी ताप आला की ते तेच बोट कपाळावर फिरवायचे, खरखरीत. भावाने आणि मी त्यावरून अंधारात ओळखायचं, हे बाबा.

सहावा दिवस : धारवाड आणि परत

परतीची गाडी धारवाडहून होती, म्हणून सकाळ तिथे काढली. मल्लिकार्जुन मन्सूर यांचं 'मृत्युंजय' हे घर आता त्यांचं स्मारक आहे. मन्सूरअण्णा जयपूर घराण्याचे म्हणून आपण ओळखतो, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांचे शिष्य. पण त्याआधी ते शिकले मिरजेच्या नीळकंठबुवांकडे. म्हणजे आम्ही पाच दिवसांत ज्या रुळांवरून आलो, ती या सगळ्यांची रोजची वाट होती. वहीत बाबांनी एका पानाच्या तळाला नुसतं लिहून ठेवलंय : 'सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२. मन्सूरअण्णा १२ सप्टेंबर १९९२. एकच तारीख.' पुढे काही नाही.

पेढ्यांच्या रांगेत डॉक्टरकाका उभे राहिले. धारवाडी पेढा तपकिरी, खमंग, वर साखर. सहा पुडे घेतले, एक चाचांसाठी. गाडी मिरजेला थांबेल तेव्हा दुकानातलं कुणीतरी फलाटावर येणार होतं.

गाडी सुटल्यावर काका लोक लगेच पेंगले. तंबोरा या वेळी आईच्या शेजारी होता. तिने माझ्याकडे वही मागितली, पेन मागितलं. बाबांची शेवटची नोंद २०१९ ची. तिने पान उलटलं, पट्टी नव्हती म्हणून तिकिटाची कडा धरून तीन उभ्या रेघा मारल्या, आणि बराच वेळ लिहीत होती. अळणावर गेलं, लोंढा गेलं. खानापूरच्या आसपास तिने वही मिटून माझ्याकडे दिली आणि डोळे मिटले.

तारीख होती. गाव कुंदगोळ. तिसऱ्या रकान्यात 'भीमपलास'. चौथ्यात तिचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर :

'तिघे भाऊजी. मी आणि लेक. वाड्यातल्या बाई, नाव विचारायचं राहिलं, पुढच्या वर्षी विचारायचं. भाकरी, वांगी, शेंगाचटणी. डॉक्टरभाऊजींचा गुडघा दुखतो आहे, तेल पाठवणे. पोस्टातले भाऊजी गायले. वरचा सा दुसऱ्या खेपेला लागला. मध्येच उठले नाही. शेवटपर्यंत बसले.'